खंडेनवमीचा लाल जॅक

अक्काच्या घरी मला जाग यायची ती लोखंडाच्या आवाजानं. दाजी सकाळी लवकर उठून गॅरेजच्या दारात पोतं अंथरायचे आणि त्यावर एकेक हत्यार मांडायचे. पान्याला पाना लागला की बारीक, थंड आवाज व्हायचा. त्यामागून त्यांच्या आईचा, म्हणजे आत्याबाईंचा खोकला, मग अक्काच्या स्टोव्हची भरभर, आणि या सगळ्याच्या खाली हायवेवरून हैदराबादकडं जाणाऱ्या ट्रकांची घरघर. उमरग्याच्या त्या घराला पुढं पत्र्याचं गॅरेज आणि मागं दोन खोल्या होत्या. एका खोलीवर मातीचं जड माळवद होतं, दुसरीवर पत्रा. मला झोपायला पत्र्याची खोली दिली होती, आणि ती का दिली हे सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

आमचं गाव सास्तूरच्या बाजूला. भूकंपात आमचं घर गेलं. आई, बाबा आणि मी वाचलो, पण त्यानंतर डोक्यावर जड असं काही असलं की मला झोप यायची नाही. गावात शेड उभारली होती, तिथं अभ्यास होत नव्हता. बारावी झाल्यावर अक्का आली आणि मला उमरग्याला घेऊन गेली. आमच्या घरात त्याआधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नव्हतं. पहिल्या दिवशी मी माळवदाकडं बघत उंबऱ्यातच उभी राहिले. दाजींनी ते पाहिलं. काही न विचारता त्यांनी माझी ट्रंक उचलली आणि पत्र्याच्या खोलीत नेऊन ठेवली. म्हणाले, "मास्तरीणबाई, इथं निजा. पत्रं पडलं तर टेंगूळ येतंय, माणूस मरत न्हाय." तेव्हापासून ते मला मास्तरीणच म्हणत राहिले. मी खरोखर मास्तरीण झाले ती त्यानंतर पुष्कळ वर्षांनी. आता पन्नाशी आली, पोरांना शिकवण्यात केस पांढरे झाले, पण पदवीच्या कागदावर माझ्या नावाशेजारी त्यांचंही नाव असायला हवं होतं असं मला आजही वाटतं.

दाजींच्या हत्यारांचे दोन संसार होते. एक हिरव्या रंगाची लोखंडी पेटी. तिच्यात चांगल्या कंपनीचे पाने, सोलापूरहून आणलेला मोठा जॅक आणि दोन घोड्या. गाडी जॅकनं वर उचलली की तिच्या सांगाड्याखाली जे तीन पायांचं लोखंडी टेकण देतात त्याला गॅरेजात घोडी म्हणतात. जॅक दगा देऊ शकतो, घोडी देत नाही, म्हणून घोडी लावल्याशिवाय गाडीखाली शिरायचं नाही. दुसरा संसार तेलाच्या पत्र्याच्या डब्यात होता. आठवडी बाजारात ताडपत्रीवर मांडलेली हत्यारं असतात, नव्या नवरीसारखी चकचकणारी, ती त्यात. हातोड्या, छिन्न्या, पेचकस, क्वचित लागणाऱ्या मापाचे पाने.

कुठली वस्तू कुठून घ्यायची याचा दाजींचा हिशोब पक्का होता. "ज्याच्याखाली आपुन निजताव, ते चांगलंच घ्यावं. रोज हातात येतंय, तेबी चांगलं घ्यावं. ज्यानं नुसतं ठोकायचं, ते कसलंबी चालतंय." त्यांच्या उजव्या हाताच्या सांध्यांवर पांढरे व्रण होते. सुरुवातीला सगळीच हत्यारं बाजारातली घेतली होती, तेव्हाचे. हलक्या पान्याचं तोंड जोर दिला की फाकतं, पाना सटकतो, आणि हात जाऊन समोरच्या लोखंडावर आपटतो.

अक्का चिडवायची. "मग छत्री का चांगली घेत न्हाईत? तिच्याखालीबी चालताव की."

"छत्रीनं हाड मोडत न्हाय."

"माझं मोडलंय. मागच्या पावसात काडी डोळ्यात जाता जाता ऱ्हायली."

घोड्या सोलापूरहून आणल्या तेव्हाची गंमत दाजी प्रत्येक पाहुण्याला सांगायचे. एसटीत कंडक्टरनं पोत्याला पाय लावून विचारलं, ह्यात काय? दाजी म्हणाले, घोड्या. कंडक्टर म्हणाला, मग खाली उतरवा आणि पळवत न्या, तिकीट वाचंल. हे सांगताना ते स्वतःच इतके हसायचे की शेवट आम्हालाच पुरा करावा लागायचा.

लाल जॅक त्यानंतर आला. कधीकधी दोन गाड्या एकदम दारात यायच्या, आणि मोठा जॅक एकीखाली अडकलेला असायचा. दुसरा तसलाच घ्यायची ऐपत नव्हती. मग बाजारातून तो लाल रंगाचा, बाटलीच्या आकाराचा बुटका जॅक आणला. दाजींनी तो आम्हा सगळ्यांसमोर अंगणात ठेवला आणि बजावलं, "ह्यो निस्तं चाक बदलायला. ह्याच्यावर गाडी ठिऊन कुणीबी खाली जायचं न्हाय. म्याबी न्हाय." त्यांनी तो डब्यात ठेवला आणि हिरव्या पेटीच्या जवळपासही कधी येऊ दिला नाही.

त्या घरातल्या बायकांची भीती बोलून दाखवायची नव्हती. ती आवाजात असायची. गॅरेजात ठोकण्याचा आवाज चालू असला की अक्काचं लाटणं चालू. ठोकणं थांबलं की लाटणंही थांबायचं. पोळी तव्यावर टाकायची ती हातातच राहायची. मग दाजी कुणाशी तरी बोलल्याचा, नाहीतर पाना खाली ठेवल्याचा आवाज आला की लाटणं पुन्हा फिरू लागायचं. हे तिच्या ध्यानात होतं की नाही, मला माहीत नाही. मी अभ्यासाचं पुस्तक मांडीवर घेऊन बसायचे आणि त्या दोन आवाजांवर माझेही कान असायचे. कमावता माणूस एकच होता. माझं कॉलेज, आत्याबाईंचं औषध, अक्काच्या पोटातलं पहिलं मूल, सगळं त्या गाडीखाली पाठीवर निजलेल्या माणसावर होतं.

नवरात्रात घरात घट बसायचा. पत्रावळीवर काळी माती, तिच्यात पेरलेलं धान्य, वर मातीचा घट, आणि शेजारी नऊ दिवस न विझणारा नंदादीप. आत्याबाई नऊ दिवस भगर आणि शेंगदाण्याच्या आमटीवर राहायच्या आणि दिव्याजवळून हलायच्या नाहीत. खंडेनवमीला हत्यारांची पूजा. आदल्या दिवशी दाजी आणि मी घासलेटमध्ये सगळे पाने धुवायचो. नवमीला सकाळी घटापुढं खणाच्या कापडावर ते मांडायचे, मधोमध मोठा जॅक, दोन्ही बाजूंना घोड्या, द्वारपालांसारख्या. हळद-कुंकू, झेंडूची माळ, पुरणाचा नैवेद्य. एकदा मांडलेलं हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत उचलायचं नाही. हा नियम पुष्कळ घरांत असतो. या घरात त्याला आणखी एक जोड होती. तेलाच्या डब्यातलं काही पूजेत ठेवायचं नाही. आत्याबाई म्हणायच्या, "उद्या मोडणारं देवापुढं मांडू नाय." त्यामुळं हलकी हत्यारं त्या दिवशीही बाहेर गॅरेजातच पडून असायची.

उचलायचं नाही हा नियम आत्याबाईंसाठी नुसता रिवाज नव्हता. त्यांचे मालक, म्हणजे दाजींचे वडील, विहिरी खोदायच्या कामावर होते. एका खंडेनवमीला बोलावणं आलं, आणि त्यांनी पूजेतली पहार उचलून नेली. त्या दिवशी विहिरीवर दगड वर ओढायच्या यारीची तार तुटली आणि ते खाली दगडाखाली गेले. त्या वेळी दाजी चालायलाही लागले नव्हते. आत्याबाईंनी ही गोष्ट मला एकदाच सांगितली, धान्य निवडताना, वर न बघता.

लाल जॅक आला त्या वर्षीच्या नवमीला गॅरेज बंद होतं. दाजी अंघोळ करून धुतलेला पांढरा सदरा घालून बसले होते. घरभर पुरणाचा आणि झेंडूचा वास. तेवढ्यात एक जीप एका अंगावर कलंडत, घासत, दारात येऊन उभी राहिली. कर्नाटकातल्या कुठल्याशा खेड्यातलं कुटुंब. जीप चालवणारा शिवण्णा, त्याची बायको आणि त्याची म्हातारी आई. तुळजापूरला निघाले होते. म्हातारीच्या मांडीवर देवीची ओटी होती, खण, नारळ, तांदूळ. मागचा पाटा मोडला होता, म्हणजे चाकावर गाडीचा भार झेलणारी पोलादी पट्टी. शिवण्णा अर्ध्या कानडीत, अर्ध्या मराठीत सांगू लागला. म्हातारीचा नवस आहे, आज नवमी आहे, बाकीची सगळी गॅरेजं बंद आहेत.

दाजींनी घराकडं पाहिलं. आत्याबाई घटापाशी बसल्या होत्या, त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. त्या आतूनच म्हणाल्या, "दत्ता, आईच्या वाटंवरलं माणूस दारातनं माघारी लावू नगंस."

दाजी आत आले, पूजेकडं बघत उभे राहिले.

"त्याला हात लावू नगंस," आत्याबाई म्हणाल्या.

आईची दोन्ही वाक्यं मोडता येणारी नव्हती. दाजी बाहेर गेले आणि तेलाचा डबा ओढल्याचा आवाज आला. अक्का पिठाच्या हातानं दारात आली.

"त्येच्यावर गाडीखाली जायचं न्हाय म्हणला हुताव तुमी."

"थोडंच काम हाय. चार नट काढायचे, जुना पाटा हाय आपल्याकडं, त्यो बसवायचा."

"तुमीच म्हणला हुताव."

"व्हय, म्याच म्हणलो हुतो. जा, पोळी करपंल."

त्यांनी लाल जॅकनं जीपची मागची बाजू उचलली, चाक काढलं, घोडीच्या जागी एक दगड लावला. दगड सांगाड्यापर्यंत पोचत नव्हता, चांगला वीतभर कमी होता. शिवण्णाला म्हणाले, पलीकडनं आणखी एक दगड बघ. शिवण्णा गेला, आणि दाजी तो यायची वाट न बघता पोत्यावर पाठ टेकून आत सरकले. फक्त त्यांचे पाय बाहेर राहिले.

आजही मी विचार करते तेव्हा वाटतं, ते काम खरंच थोडंच होतं. चांगला पाना असता तर झालंही असतं. पण पानाही डब्यातलाच होता. गंजलेल्या नटावर त्याचं तोंड फाकलं आणि नटाचे कोपरे झिजून तो गोल झाला. गोल नटाला काही धरत नाही. मग दाजींनी छिन्नी मागितली, मी दिली, आणि ते खालून हातोडीनं नट तोडायला लागले. प्रत्येक घावाला जीप थरथरायची. आत अक्काचं लाटणं चालू होतं.

मी उंबऱ्यावर बसले होते. जीपच्या पोटाखालून मला हायवे दिसत होता. जाणाऱ्या ट्रकांची चाकं पूर्ण दिसायची, वरच्या कडेपर्यंत. मी ती बघत होते, दुसरं बघायला काही नव्हतं म्हणून. काही वेळानं एक ट्रक गेला आणि त्याच्या चाकाची वरची कड दिसली नाही. मला वाटलं, लहान चाकाचा असेल. मग दुसरा गेला. त्याचंही चाक वरून कापल्यासारखं दिसलं.

भूकंपानंतर मला भास व्हायचे. बसल्या बसल्या भिंत सरकल्यासारखी वाटायची, मी ओरडत उठायचे, आणि सगळे म्हणायचे, काही नाही गं, भास आहे. हळूहळू मी ओरडणं सोडलं होतं. भिंत हलली की दात आवळून बसायचं आणि मनात म्हणायचं, हे खरं नाही. त्या दिवशीही मी दात आवळले. पुढच्या ट्रकचं चाक निम्मंच दिसलं. मी स्वतःला समजावत होते की हे खरं नाही. मग माझी नजर लाल जॅकच्या बुडाशी गेली. तिथल्या मातीत तेलाचा काळा ओघळ आला होता आणि तो पुढं सरकत होता. भासात मी कधी तेल पाहिलं नव्हतं.

"दाजी, बाहेर या."

ठोकणं चालूच होतं. मी पुन्हा हाक मारली, या वेळी किंचाळून. हातोडी थांबली. दाजी म्हणाले, "आलो," आणि त्यांचे पाय हलले. टाचा मातीत घासल्या. एकदा, दुसऱ्यांदा. ते बाहेर येत नव्हते. गाडीचा सांगाडा त्यांच्या छातीला टेकला होता. "मास्तरीण," ते म्हणाले. तो आवाज मी ओळखला नसता. श्वास सोडता येतो, घेता येत नाही, तसा तो आवाज होता.

आत लाटणं थांबलं होतं.

मी घरात धावले. घटापुढच्या कापडावर घोडी होती, कुंकवानं माखलेली, माळ घातलेली. मी तिच्यावर वाकले तशी आत्याबाईंनी माझं मनगट धरलं. त्या उपाशी बाईच्या हातात तेवढा जोर कुठून आला कळत नाही.

"नगं पोरी. एकदा उचललं हुतं ह्या घरात."

"आत्याबाई, गाडी खाली येलालीय. दाजी खाली हायती."

त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं. मला पूजा मोडायची भीती वाटत नव्हती असं नाही. त्यांच्या मालकांची गोष्ट मला त्याच क्षणी आठवत होती. घोडी उचलली म्हणूनच काही झालं तर, हा विचार माझ्याही मनात होता, आणि उचलली नाही तर काय होणार ते बाहेर दिसत होतं. आत्याबाईंनी मनगट सोडलं. मग त्यांनी दोन्ही हातांची ओंजळ नंदादीपाभोवती धरली, मी घोडी ओढताना वाऱ्यानं तो विझू नये म्हणून. मी घोडी ओढली, पाने खळखळून इकडंतिकडं झाले, नैवेद्याची वाटी उलटली.

बाहेर शिवण्णा दगड टाकून धावत आला होता. पलीकडचा पंक्चरवाला आला, रस्त्यावरचे दोघं-तिघं आले. त्यांनी जीपच्या मागच्या बाजूला खांदे लावले. शिवण्णाची म्हातारी आईसुद्धा ओटी खाली ठेवून लोखंडाला हात लावून उभी होती. "एत्तरी," शिवण्णा ओरडला, उचला म्हणून. जीप हलली, मी गुडघ्यावर बसून घोडी आत ढकलली, ती सांगाड्याखाली गेली, आणि लोखंडावर लोखंड बसल्याचा जड आवाज झाला. दोघांनी दाजींचे पाय धरून त्यांना ओढून काढलं. पांढऱ्या सदऱ्यावर छातीपाशी काळा आडवा पट्टा उमटला होता. त्यांनी श्वास घेतला. मग आणखी एक. अक्का त्यांच्या शेजारी मातीत बसली आणि पिठाच्या हातानं त्यांचं तोंड चाचपत राहिली, ओळख पटवल्यासारखी.

दाजींनी पाणी मागितलं, निम्मं सदऱ्यावर सांडलं. शिवण्णा म्हणाला, राहू दे मालक, आम्ही एसटीनं जातो. दाजींनी जीपकडं पाहिलं. चाक निघालेलं, नट निम्मा तुटलेला, गाडी अशी ना हलवता येत होती ना सोडता.

"मोठा जॅक आण," ते मला म्हणाले. "दुसरी घोडीबी. पानेबी आण सगळे."

"न्हाय," अक्का म्हणाली. "आज न्हाय. कुणाच्याबी बापाची गाडी असू दे."

"आज न्हाय गेलो तर उद्याबी जाणार न्हाय म्या," दाजी म्हणाले. ते तिच्याकडं बघून बोलत नव्हते. "माझं मला कळतंय. परत कधीच जाणार न्हाय."

त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच भीती पाहिली. तोवर मला वाटायचं, भिणारे आम्हीच.

मी पूजेतलं सगळं बाहेर आणलं. मोठा जॅक लागला, दोन्ही घोड्या लागल्या, त्यांच्यावरच्या झेंडूच्या माळा कुणी काढल्या नाहीत. दाजींनी जीपला हातानं धक्का देऊन पाहिला, एकदा, पुन्हा एकदा, आणि तरीही ते पोत्यावर बसूनच राहिले. पाठ टेकवेना. तेवढ्यात आत्याबाई बाहेर आल्या. नऊ दिवसांत पहिल्यांदाच त्या दिव्यापासून उठल्या होत्या. भिंतीला धरत आल्या आणि जीपच्या मागं मातीत मांडी घालून बसल्या.

"जा," त्या म्हणाल्या.

दाजी आत सरकले. त्यांचा एक पाय आत्याबाईंच्या मांडीजवळ आला, तसा त्यांनी तो घोट्याशी दोन्ही हातांनी धरला. आईनं लेकाचे पाय धरू नयेत असं आपल्याकडं मानतात. दाजी खालून म्हणाले, "आई, पाय सोड. पाप लागंल मला."

"लागू दे."

पाना नटाला लागल्याचा आवाज आला. तो न सटकता फिरला. आत स्टोव्ह तसाच होता, दिव्यापाशी कुणी नव्हतं, आणि अक्का दारात उभी राहून त्या पायाकडं बघत होती.

"गुदगुल्या व्हायल्यात, आई," दाजी म्हणाले.

आत्याबाईंनी पाय सोडला नाही. गाडीचा शेवटचा नट आवळून होईपर्यंत त्या तशाच बसून होत्या, डोळे मिटून, लेकाचा घोटा दोन्ही हातांत घट्ट धरून.